कुरव मेला

तो निरोप मी लिहिला होता. दोन शब्दांचा होता, कर्ता आणि क्रियापद जागच्या जागी होते, आणि व्याकरणाच्या दृष्टीने त्यात बदलावे असे काही मला आजही सापडत नाही. त्या दोन शब्दांपायी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची नोकरी जाण्याची वेळ आली, हेही मी आरंभीच नोंदवून ठेवते. आमच्या मंडळातले बाकीचे लोक ही हकिकत सांगताना हसतात आणि माझे नाव अगदी शेवटी, टाळी घ्यायच्या वाक्यात आणतात. ते मला मान्य नाही.

किस्से कसे साचतात, हे कचऱ्याच्या मैदानावर फार चांगले कळते. रोज थोडे थोडे येऊन पडते, वेगळे कोणीच करत नाही, आणि एक दिवस पाहावे तर समोर डोंगर उभा असतो. एका हिवाळ्यात आमचे तसेच झाले. मी इंदूरची आहे. ओले आणि सुके वेगळे करूनच सांगेन.

*

मंडळ म्हणजे तीन निवृत्त माणसे. छत्रीबागेतले मुकुंदराव, पूर्वी पाटबंधारे खात्यात होते, दुर्बीण त्यांची. महूचे डॉक्टर वाघमारे, जनावरांचे डॉक्टर. थर्मासमधला चहा त्यांचा. आणि मी, शरयू दिघे, जन्मभर मराठी शिकवलेली, वही माझी.

हिवाळ्यात सिरपूरच्या तलावावर कुरव येतात. कुरव म्हणजे समुद्रावर दिसणारा पांढरा-राखाडी पक्षी, ज्याला हल्ली सगळे ‘सीगल’ म्हणतात. हे पक्षी तलावावर झोपतात आणि उजाडताच एकाच दिशेने निघून जातात. कुठे जातात, ते मुकुंदरावांनी स्कूटरवरून पाठलाग करून शोधले. धार रस्त्यापासून थोडे आत एक लहानसे मैदान आहे, तिथे हॉटेलांचा ओला कचरा उतरतो. इंदुरात अशा जागेला ट्रेंचिंग ग्राउंड म्हणतात.

“रविवारी इंदूर खाते, सोमवारी कुरव खातात,” डॉक्टर म्हणाले. म्हणून आमचा वार सोमवार ठरला.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने आम्हाला आत सोडले नाही. इंदुरात येऊन लोक स्वच्छता पाहतात, कचरा कोण पाहते, असा त्याचा प्रश्न होता, आणि तो अगदीच अवाजवी नव्हता. वाद वाढला तेव्हा त्याने सुपरवायझरला बोलावले. नारिंगी जाकीट घातलेली एक तरुणी हातात चहाचा कप घेऊन तरातरा आली, मला पाहून थबकली, आणि तिने कप पाठीमागे लपवला.

“बाई, तुम्ही? अंदर या ना.”

“आत,” मी म्हणाले.

“हो बाई. आत. अंदर या.”

सुनीता गजभिये. नववीत माझ्या हाताखाली होती. परीक्षेत ‘कर्ता ओळखा’ या प्रश्नाखाली तिने दहाही वाक्यांपुढे एकच उत्तर लिहिले होते: ‘माहीत नाही, बाई.’ मी शून्य दिले होते. तिला ते आठवत होते, कारण आम्हाला जाकिटे देताना ती म्हणाली, “बाई, माणसं मी ओळखते. कर्ता नाही ओळखत.”

तिच्या अटी स्पष्ट होत्या. सोमवारी सात ते नऊ. पिवळ्या दोरीच्या अलीकडे. मेलेला पक्षी दिसला तर हात लावायचा नाही, आणि त्याच क्षणी फोनवरच्या ग्रुपमध्ये कळवायचे. आम्हा चौघांचा तो ग्रुप तिने तिथेच तयार केला आणि त्याला ‘कुरव’ असे नाव दिले. पक्ष्यांचा रोग असला तर सगळे मैदान बंद करावे लागते, आणि मैदान बंद झाले की कचरा निवडणाऱ्या बायका घरी बसतात.

लेखी परवानगीचे मी विचारले. ती हळू आवाजात म्हणाली, “कागद मागितला तर वर जाईल, बाई. वर गेलेला कागद खाली येत नाही. मी माझ्या जबाबदारीवर घेते. फक्त माझं कंत्राट मार्चपर्यंत आहे. काही गडबड झाली, तर ते पुढे नाही वाढणार.”

आम्ही तिघांनी माना हलवल्या. त्या किती चटकन हलल्या, हे मला नंतर अनेकदा आठवले.

*

पहिली गडबड व्याकरणाने केली.

कुरव हा शब्द पुल्लिंगी आहे आणि त्याचे अनेकवचन एकवचनासारखेच राहते. एक कुरव, शंभर कुरव. संख्या कळते ती केवळ विशेषणावरून आणि क्रियापदावरून. मी हे पहिल्याच सोमवारी दोघांना समजावले होते.

डिसेंबरातल्या एका सोमवारी दाट धुके होते. मुकुंदराव दुर्बीण घेऊन मैदानाच्या पलीकडच्या कोपऱ्यात उभे होते, आम्ही दोघे अलीकडे. मुकुंदरावांचा फोन आला. आवाज कापत होता. “मोठे कुरव आले!”

आता मोठा कुरव ही वेगळी जात आहे. अंगाने घारीएवढा, पिवळ्या चोचीवर काळा पट्टा. आमच्या मैदानावर तो एकदाही दिसला नव्हता. आणि हे तर ‘आले’. डॉक्टरांनी चहा तसाच टाकला आणि धावत सुटले. वाटेत पपईच्या सालांवरून त्यांचा पाय सरकला आणि गुडघा फुटला. सुनीता पांढरी पडली. जखमी पाहुणा म्हणजे अपघात, अपघात म्हणजे अहवाल.

डॉक्टर लंगडत पोहोचले, त्यांच्यामागे मी. धुक्यात एक मोठा कुरव बसला होता. एक.

मी मुकुंदरावांना विचारले की बाकीचे कुठे आहेत. ते गोंधळले. बाकीचे कोण?

“आपण ‘आले’ म्हणालात.”

“बाई, केवढा पक्षी आहे तो. त्याला ‘आला’ कसे म्हणायचे? तोंडातून निघेना. आदराने म्हणालो.”

डॉक्टर ढिगाच्या कडेला बसून गुडघ्याला रुमाल बांधत होते. “मुकुंदराव,” ते म्हणाले, “आपली ओळख चाळीस वर्षांची. मला मात्र अजून ‘आला वाघमारे’ म्हणता.”

त्या दिवशी मी नियम केला. कुरवाला आदरार्थी अनेकवचन नाही. एक असेल तर एकवचन, मग तो केवढाही असो. दोघांनी तो मान्य केला. पुढे जे झाले ते हा नियम काटेकोरपणे पाळल्यामुळेच झाले.

*

दुसरी गडबड मुकुंदरावांनी केली.

एका कुरवाच्या पायात कडी दिसली. परदेशात अभ्यासक पक्ष्यांच्या पायात अशी अक्षरे कोरलेली कडी घालतात. अक्षरे वाचता आली की पक्षी कुठून आला ते कळते. मुकुंदराव अक्षरे वाचत पुढे सरकले. एक पाऊल, आणखी एक. पिवळी दोरी त्यांनी कधी ओलांडली, ते त्यांनाही कळले नाही. डोळा दुर्बिणीला लावलेला.

त्याच वेळी पोकलेन मागे येऊ लागले. पोकलेन म्हणजे कचरा उपसणारे ते पिवळे अजस्र यंत्र. चालक चौहान, जवळच्या बेटमा गावचे, घरी माळवी बोलणारे. त्यांना मागचे दिसत नव्हते. मी हाक मारली. यंत्राच्या आवाजात ती मलाच ऐकू आली नाही. डॉक्टरांनी थर्मास फेकला. तो अर्ध्यावर पडला. लोखंडी पट्टा मुकुंदरावांच्या पाठीपासून दोन हातांवर होता. कुरव सगळे एकदम उडाले.

त्या उडालेल्या पक्ष्यांकडे पाहून चौहानांनी यंत्र थांबवले. मग सुनीताची शिटी ऐकू आली, मग सगळे शांत. चौहान खाली उतरले, मागे गेले, मुकुंदरावांना आपादमस्तक न्याहाळले आणि म्हणाले, “भिया, पंछी तो कल भी आएगा. आप नहीं आओगे.”

डॉक्टरांनी मुकुंदरावांची नाडी पाहिली, मग स्वतःची.

मैदानाच्या नोंदवहीत घडलेली प्रत्येक गोष्ट लिहावी लागते. सुनीताने वही उघडली आणि पेन हातात धरून बसून राहिली. ती म्हणाली, “बाई, मुकुंदकाकांनी दोरी ओलांडली असं लिहिलं तर विचारतील, हे काका कोण आणि आत कसे. नाही लिहिलं, तर खोटं होतं.”

खोटे लिहायला मी कोणाला सांगणार नाही. मी पेन घेतले आणि लिहिले: ‘सकाळी पिवळी दोरी ओलांडण्यात आली. यंत्र वेळीच थांबवण्यात आले. इजा झाली नाही.’

सुनीताने दोनदा वाचले. “बाई, यात कर्ता कुठेय?”

“शोध,” मी म्हणाले. “आणि ध्यानात ठेव. ज्या वाक्याला कर्ता नाही, त्याला नोकरीवरून काढता येत नाही.”

ती हसली. मी हसले नाही. वर्गात कोणी असे वाक्य लिहिले असते, तर मी त्याखाली लाल रेघ ओढली असती.

*

जानेवारीत मैदानावर नवे साहेब आले. मूळचे ग्वाल्हेरकडचे, वयाने तरुण, बूट चकचकीत. त्यांनी दोरीअलीकडे उभे असलेले तीन म्हातारे पाहिले आणि सुनीताला आम्ही कोण ते विचारले. आम्ही पक्षी मोजतो, हे ऐकून त्यांचे बोलणे एकदम मऊ झाले. पक्षी येतात म्हणजे जागा स्वच्छ आहे, असे ते म्हणाले. हे पक्षी घाणीमुळेच येतात हे मी सांगणार होते, पण डॉक्टरांनी माझ्या पायावर पाय ठेवला. कागद तयार करवून घ्या, काही कार्यक्रम असेल तर मला आधी कळवा, आणि मलाही त्या ग्रुपमध्ये जोडा, एवढे सांगून साहेब गेले.

जोडले. आता अडचण अशी की मराठी आणि हिंदी यांची लिपी एकच. साहेबांना मराठी येत नव्हती, पण वाचता सगळे येत होते.

आठवड्याच्या आत मुकुंदरावांनी ग्रुपवर लिहिले: ‘ढीग दोन खाली कुरव.’ म्हणजे दुसऱ्या ढिगाच्या खालच्या अंगाला कुरव बसले आहेत. मी शब्दयोगी अव्ययावरून त्यांना खडसावण्यापूर्वीच साहेबांचा फोन सुनीताला आला. हिंदीत खाली म्हणजे रिकामा. काल संध्याकाळी भरलेला ढीग रात्रीत रिकामा कोणी केला, माल कुठे गेला, गाडी कोणाची होती? अर्ध्या तासात ते स्वतः हजर झाले. ढीग जागेवर होता. साहेब त्याच्याकडे आणि तो साहेबांकडे, असे काही वेळ चालले.

जाताना ते सुनीताला आमच्यादेखत म्हणाले, “मैडम, एक और गड़बड़ हुई तो मार्च तक रुकने की ज़रूरत नहीं पड़ेगी.”

सुनीताने मान खाली घातली. मराठी अर्थाने.

*

आता तो सोमवार. संक्रांत होऊन गेलेली.

सुनीता मैदानावर नव्हती. त्या दिवशी मुख्य कार्यालयात सकाळीच बैठक होती, तिथे ती गेली होती. साहेबही तिथेच होते, आणि त्या दोघांच्याही वरच्या, ज्यांना सगळे ‘बड़ी मैडम’ म्हणतात, त्या बैठकीच्या प्रमुख होत्या.

साडेआठच्या सुमारास दोरीच्या पलीकडे, चार हातांवर, मला एक कुरव आडवा दिसला. पंख अर्धवट उघडा, लाल पाय वर. डॉक्टर वाकून पाहू लागले, पण दोरी ओलांडली नाही. एक मेला असेल तर काहीही कारण असू शकते, ते म्हणाले. तीन मेले असतील तर रोग. आम्ही सगळ्या ढिगांवरून दुर्बीण फिरवली. दुसरा दिसला नाही. जवळून पाहायला हातमोजे हवे होते, ते केबिनमध्ये, आणि केबिनची किल्ली सुनीताजवळ.

कळवणे भाग होते. मी फोन काढला. डॉक्टर म्हणाले, “बाई, हिंदीत लिहा. साहेब आहेत ग्रुपवर.”

मी म्हणाले की मंडळ मराठी, पक्ष्याचे नाव मराठी, निरोपही मराठीतच जाईल. कोणी अकारण घाबरू नये म्हणून अनेकवचन कटाक्षाने टाळले, आणि लिहिले:

‘कुरव मेला.’

मिनिटभरात साहेबांनी वर केलेला अंगठा पाठवला. मागोमाग शब्द आले: ‘बहुत बढ़िया. कब?’

“बढ़िया?” डॉक्टर म्हणाले.

“माणूस क्रूर आहे,” मुकुंदराव म्हणाले.

मी लिहिले: ‘आज सकाळी.’

‘आज ही? कितने?’

‘एकच.’

पुढे कळले की त्यांना ‘कितने बजे’ विचारायचे होते, आणि ‘एकच’ म्हणजे त्यांनी दुपारचा एक धरला. अपुरा प्रश्न विचारला की असे होते.

‘ठीक है. बड़ी मैडम भी आएँगी. कुर्सियाँ भिजवा रहा हूँ.’

मुकुंदरावांनी हळूच विचारले की खुर्च्या कशाला. डॉक्टर म्हणाले की रोगाचा संशय असला तर चौकशी समिती बसते.

“बसते म्हणजे खरोखर बसते?”

मी सुनीताला फोन लावला. तिने उचलला नाही. पुन्हा लावला. नाही.

बातमी निवडणाऱ्या बायकांपर्यंत कशी गेली, ते माहीत नाही. कचरा निवडायच्या सरकत्या पट्ट्यापाशी उभ्या असलेल्या सगळ्या जणी हात थांबवून आमच्याकडे पाहू लागल्या. त्यांतली एक वयस्क बाई दोरीपर्यंत आली, पक्ष्याकडे पाहिले आणि विचारले की मैदान बंद झाले तर किती दिवस. डॉक्टरांना उत्तर माहीत होते. त्यांनी ते दिले नाही. चौहानांनी पोकलेनचे इंजिन बंद केले. ते बंद झाल्यावर मैदान किती मोठे आहे, ते कळले.

मग एक टेम्पो आला आणि त्यातून लाल प्लास्टिकच्या खुर्च्या उतरल्या. कोणी काही सांगेना, म्हणून टेम्पोवाल्याने त्या रांगेत मांडल्या. बायका बराच वेळ उभ्या राहिल्या. शेवटी ती वयस्क बाई बसली. मग सगळ्याच बसल्या.

सुनीताचे तिकडे काय झाले, ते तिने मला मागाहून सांगितले. बैठकीत ती शेवटच्या रांगेत होती. निरोप वाचून तिने फोन पालथा करून मांडीवर ठेवला. पुढच्या रांगेत साहेबांनी तोच निरोप वाचला, हसले, आणि फोन बड़ी मैडमसमोर धरला. त्याही हसल्या. एक वाजेपर्यंत थांबायची त्यांची तयारी नव्हती; बैठक तिथेच थांबली आणि सगळे गाड्यांकडे निघाले. सुनीता मागच्या सीटवर बसून मनातल्या मनात राजीनामा लिहीत होती, हिंदीत, कारण मराठीत लिहिला तर मी चुका काढेन. वाटेत साहेबांनी गाडी थांबवली आणि झेंडूचे दोन मोठे हार घेतले.

“बाई, मला वाटलं त्या पक्ष्यासाठी घेतले. म्हटलं, माणूस चांगलाय. आपणच ओळखलं नाही.”

गाड्या फाटकातून आत आल्या. साहेब उतरले, हातात हार, मागून छायाचित्रकार, त्याच्यामागे बड़ी मैडम. शेवटी सुनीता, तिचा चेहरा मला पाहवेना. साहेबांनी भरलेल्या खुर्च्या पाहिल्या आणि त्यांचे समाधान झाले. मग त्यांनी सभोवार नजर फिरवली.

“मेला कहाँ है?”

सुनीताने बोट दाखवले. “वहाँ, सर. दोरीच्या मागे.”

“वहाँ तो कुछ दिख नहीं रहा.”

“छोटा है, सर.”

“कितना छोटा?”

सुनीताने दोन्ही हात पुढे केले आणि हातभर अंतर दाखवले.

कोणीही हसले नाही. बड़ी मैडम स्वतः चालत दोरीपाशी गेल्या, खाली पाहिले, आणि माझ्याकडे वळल्या. निरोप कोणाचा, ते त्यांना ठाऊक होते. हे काय आहे, असे त्यांनी विचारले.

“कुरव,” मी म्हणाले. “मेला. मराठी में इसका अर्थ है, मर गया.” माझ्या हिंदीत दोष नव्हता. तीच हिंदी मला साडेआठ वाजता वापरता आली असती.

साहेबांच्या हातातले हार खाली आले. बड़ी मैडमनी एकच शब्द विचारला, “बीमारी?”

सुनीता तोवर केबिनकडे धावली होती. हातमोजे आले. डॉक्टरांनी ते चढवले, तिच्याकडे पाहून परवानगी घेतली, दोरी ओलांडली आणि गुडघा सांभाळत खाली बसले. पंख अलगद उचलला. खुर्च्यांवरच्या बायका उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी पंखाखाली बोट घातले, आणि उन्हात काहीतरी हिरवे चमकले. बारीक धागा, पंखाच्या सांध्याला सात-आठ वेढे, हाडापर्यंत रुतलेला.

“संक्रांत,” डॉक्टर म्हणाले. मग मैडमसाठी, “मांजा है. पतंग का. बीमारी के कोई लक्षण नहीं, फिर भी जाँच के लिए मैं खुद ले जाऊँगा. मैदान बंद करने का कारण मुझे नहीं दिखता.”

ती वयस्क बाई पुन्हा खुर्चीत बसली. तिने पदराने तोंड पुसले.

पण बड़ी मैडमचे संपले नव्हते. त्या आम्हा तिघांकडे पाहत होत्या. “आप लोगों को अंदर किसने आने दिया?”

माझ्याजवळ वाक्य तयार होते. ‘आम्हाला आत येऊ देण्यात आले.’ तोंड उघडले, तोच माझ्या बाजूने आवाज आला.

“मैंने,” सुनीता म्हणाली. “नवंबर से. लेखी काही नाही, मैडम. कर्ता मीच आहे.”

शेवटचे वाक्य बड़ी मैडमना कळले की नाही, सांगता येत नाही. त्यांनी नोंदवही मागितली, उभ्या उभ्या चाळली, आणि एका ठिकाणी थांबून ते वाक्य मोठ्याने वाचले. “दोरी ओलांडण्यात आली. किसने?”

मुकुंदरावांनी हात वर केला, वर्गात करतात तसा.

“और यह लिखा किसने?”

“मी,” मी म्हणाले. “वाक्य सदोष आहे.”

बड़ी मैडमनी वही मिटली. तेवढ्यात तलावाकडून कुरवांचा थवा परत आला आणि दुसऱ्या ढिगाच्या खाली उतरला. खुर्च्यांवरची एक बाई शेजारणीला म्हणाली की रोज डोक्यावरून जातात, पण जवळून कधी पाहिले नाहीत. मुकुंदरावांनी कोणालाही न विचारता दुर्बीण तिच्याकडे वळवली. मागे रांग लागली. छायाचित्रकार आलाच होता, त्याने काम सुरू केले.

तिथेच उभ्याने जे ठरले, ते मी माझ्या वहीत उतरवून घेतले, कर्त्यासह. बड़ी मैडमनी आम्हा तिघांना लेखी परवानगी दिली आणि नोंदवहीतच सही केली. दोरीची जबाबदारी त्यांनी सुनीता गजभिये हिच्याकडे नावानिशी सोपवली, आणि मुदत लिहिली ती मार्चची नव्हे, पुढच्या संक्रांतीपर्यंतची. मांजा वेगळ्या पिशवीत काढण्याचे निवडणाऱ्या बायकांनी कबूल केले. दर वर्षी संक्रांतीनंतरच्या सोमवारी लोकांना कुरव दाखवण्याचे साहेबांनी सुचवले. ‘कुरव मेला’ हे नाव त्यांनी वर्तमानपत्राला सकाळीच कळवून टाकले होते. या सगळ्याला डॉक्टर, मुकुंदराव, सुनीता आणि मी, असे सर्वांनी अनुमोदन दिले.

फक्त नावाला मी हरकत घेतली. ‘मेला’ नव्हे, ‘मेळा’. एका अक्षराचा प्रश्न होता. साहेब म्हणाले की त्यांच्या कार्यालयात ते अक्षर नाही. मत घेण्यात आले. नव्हे, मत बड़ी मैडमनी घेतले. ‘ल’च्या बाजूने साहेब, स्वतः मैडम, डॉक्टर, मुकुंदराव, आणि माझ्याकडे न पाहता सुनीता.

‘ळ’च्या बाजूने दोन मते पडली. एक माझे. दुसरे देण्यासाठी चौहान पोकलेनवरून खाली उतरून आले आणि म्हणाले, “म्हारे बेटमा में तो मेळो ही केवे, मैडम.”